ध्येयावाचून शिस्त : जपानी शालेय मंडळ आणि एक विनोदी चित्रकथा

१

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाची साधने बहुधा ठरलेली असतात. शासकीय ठराव, अभ्यासक्रम, वार्षिक अहवाल, पटसंख्येचे तक्ते आणि क्वचित एखाद्या मुख्याध्यापकाचे आत्मचरित्र, एवढ्या सामग्रीवर तो आपली इमारत उभारतो. शाळेने विद्यार्थ्यांस काय शिकवावयाचे ठरविले होते, हे या साधनांवरून उत्तम कळते. परंतु शेवटची घंटा होऊन शिक्षकाची नजर दूर झाल्यावर विद्यार्थी एकमेकांस काय शिकवीत होते, याविषयी ती साधने मौन धरतात. जपानच्या बाबतीत हे मौन विशेष जाणवते. कारण तेथील विद्यार्थ्याच्या शालेय जीवनाचा फार मोठा भाग तास संपल्यानंतर सुरू होतो.

वर्ग सुटल्यावर चालणाऱ्या या विद्यार्थिमंडळांस जपानीत ‘बुकात्सु’ म्हणतात. बेसबॉल, केंडो, वाद्यवृंद, चहापान-विधी, छायाचित्रण अशा एकेका विषयाचे एकेक मंडळ असते. त्याला शाळेत एक खोली मिळते. त्याचा एक देखरेख करणारा शिक्षक असतो. पण तो पुष्कळदा नावापुरताच. खरा कारभार वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांच्या हाती असतो. वरच्यास ‘सेनपाई’ आणि खालच्यास ‘कोहाई’ असे म्हणतात, आणि या दोहोंमधील अंतर भाषा, वंदन व कामाची वाटणी यांत काटेकोरपणे पाळले जाते. शाळा सोडून गेलेला माजी सभासद ‘ओबी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो, आणि त्याचा अधिकार शाळा सोडल्याने संपत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या संस्थेच्या इतिहासाचे एक अनपेक्षित साधन हा आहे. युकी मासामी या चित्रकाराची ‘क्यूक्योकू चोजिन आर’ ही विनोदी चित्रकथा १९८५ ते १९८७ या काळात ‘शोनेन संडे’ या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘परमश्रेष्ठ अतिमानव आर’ असा तिच्या नावाचा स्थूल अर्थ करता येईल. एका माध्यमिक शाळेतील छायाचित्रण मंडळ आणि त्यातील एकाहून एक विक्षिप्त सभासद हा तिचा विषय. चित्रकथेस जपानीत मांगा म्हणतात, आणि मांगाच्या इतिहासकारांनी या कृतीची नोंद अर्थातच घेतली आहे. आमचा हेतू निराळा आहे. ती कशी हसविते यापेक्षा ती कशास हसते, आणि ज्यास हसते त्याचे काय राखून ठेवते, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

२

मंडळाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. टोकियो येथील पहिल्या उच्च विद्यालयात, ज्यास ‘इचिको’ या संक्षिप्त नावाने ओळखीत, १८९० मध्ये ‘कोयूकाई’ म्हणजे सहाध्यायी-संघ स्थापन झाला आणि क्रीडा व वाङ्मय यांची मंडळे त्याच्या छत्राखाली आली. १८९६ मध्ये याच विद्यालयाच्या बेसबॉल संघाने योकोहामा येथील अमेरिकन रहिवाशांच्या संघाचा २९ विरुद्ध ४ असा पराभव केला. विषम करारांच्या जाचाखाली असलेल्या त्या काळात या विजयास राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. मंडळ म्हणजे केवळ विरंगुळा नसून चारित्र्य घडविणारी शाळा होय, ही कल्पना तेव्हापासून दृढ होत गेली. तिला विरोध झाला नाही असे नाही. १९११ मध्ये ‘टोकियो आसाही’ या वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर एक लेखमालाच चालविली. परंतु पुढे १९१५ मध्ये माध्यमिक शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा सुरू झाली, ती याच वृत्तसंस्थेच्या पुढाकाराने, ही गोष्ट बोलकी आहे.

युद्धकाळात शासनाने या संघांचा कबजा घेतला. १९४१ च्या सुमारास शाळाशाळांतील कोयूकाई विसर्जित होऊन त्यांच्या जागी ‘होकोकुदान’, म्हणजे राष्ट्रसेवा-पथके, आली. मंडळाची श्रेणिबद्ध रचना सैनिकी उपयोगास किती सहजपणे लागू शकते, हे या स्थित्यंतरात दिसून आले. युद्धोत्तर सुधारकांस याची जाणीव होती. १९४७ च्या पहिल्या अभ्यासक्रम-निर्देशात मंडळकार्यास ‘मुक्त अभ्यास’ या शीर्षकाखाली स्थान मिळाले आणि १९५१ मध्ये त्याची गणना ‘विशेष शैक्षणिक कार्या’त झाली. विद्यार्थ्यांनी आपण होऊन एकत्र यावे, आपले नियम आपण करावेत व त्यातून लोकशाहीचे वळण लागावे, असा त्यामागील आशय होता.

म्हणजे एकाच संस्थेच्या अंगी दोन वारसे आले. एक जुन्या विद्यालयांच्या कठोर श्रेणीचा, दुसरा युद्धोत्तर स्वयंशासनाचा. निर्देशपत्रिका दुसऱ्याची भाषा बोलत होती. मैदानावरील व्यवहार मात्र पुष्कळ अंशी पहिल्याच्या रीतीने चालू राहिला.

पुढील वीस वर्षांत पटसंख्येने चित्र पालटले. १९५० मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळा संपवून उच्च माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास होते. १९७४ मध्ये ते शेकडा ९० च्या वर गेले. उच्च माध्यमिक शाळा निवडक मुलांची न राहता जवळजवळ सर्वांची झाली. याच सुमारास शासनाने मंडळकार्य सक्तीचे केले. उच्च माध्यमिक शाळांपुरता हा निर्देश १९७० मध्ये जाहीर होऊन १९७३ पासून अमलात आला. वेळापत्रकात मंडळाचा तास आला, आणि त्या तासाखेरीज संध्याकाळचे जुने मंडळही चालूच राहिले. स्वेच्छेचे प्रतीक म्हणून जिचा गौरव झाला होता ती गोष्टच अनिवार्य झाली. मंडळात न जाता सरळ घर गाठणाऱ्या मुलांस थट्टेने ‘गृहगमन मंडळा’चे सभासद म्हणण्याची रीत जपानीत रूढ आहे. मंडळाबाहेर असण्यासही मंडळाचेच नाव द्यावे लागते, यावरून या संस्थेची व्याप्ती ध्यानात येईल.

३

मांगात हे मंडळ प्रथम अवतरले ते गंभीर रूपात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सुवर्णपदक मिळविले आणि प्रशिक्षक दाइमात्सु हिरोबुमी यांच्या कठोर शिक्षणपद्धतीची सर्वत्र चर्चा झाली. त्यानंतर क्रीडाकथांची एक लाटच आली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘क्योजिन नो होशी’ या कथेत पिता पुत्रास बेसबॉलपटू करण्यासाठी यातनांची परिसीमा गाठतो. उरानो चिकाको यांच्या ‘अटॅक नंबर वन’ या १९६८ ते १९७० च्या कथेत ते वातावरण शाळकरी मुलींच्या व्हॉलीबॉल मंडळात आले. या कथांचा स्थायी शब्द ‘कोंजो’ हा आहे. चिकाटी, जिद्द, कणखरपणा या तिन्ही मराठी शब्दांच्या छटा त्यात एकवटल्या आहेत.

या कथांची घडण तपासली असता तिच्यात दोन अंगे दिसतात. एक अंग आकाराचे : श्रेणी, सराव, सुट्टीतील सामुदायिक शिबिर, वरिष्ठांची आज्ञा, मंडळाची खोली. दुसरे अंग ध्येयाचे : सामना, चषक, राष्ट्रीय स्पर्धा. पहिल्यातील सर्व क्लेशांचे समर्थन दुसऱ्याने होते. कोहाईने मैदान झाडावे, वरिष्ठाचे बोल सोसावेत, रात्र होईपर्यंत चेंडू झेलीत राहावे, कारण पुढे सामना आहे. विजय हाच त्या शिस्तीचा युक्तिवाद होय.

१९८० च्या सुमारास या युक्तिवादास तडे जाऊ लागले. ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकाचा, जे १९५९ मध्ये निघाले, यात मोठा वाटा आहे. ताकाहाशी रुमिको यांच्या १९७८ ते १९८७ च्या ‘उरुसेइ यात्सुरा’ या कथेने शाळेचा वर्ग परग्रहवासी, राक्षस व भुते यांनी भरून टाकला. आदाची मित्सुरु यांच्या १९८१ ते १९८६ च्या ‘टच’ने बेसबॉलचा सामना ठेवला, पण घामाच्या जागी संकोच व मौन आणले. तथापि ‘टच’मध्ये ध्येय शिल्लक होते आणि ‘उरुसेइ यात्सुरा’त मंडळास केंद्रस्थान नव्हते. मंडळ केंद्रस्थानी ठेवावयाचे आणि त्याचे ध्येय मात्र काढून घ्यावयाचे, हा प्रयोग युकी यांनी पूर्णत्वास नेला.

४

युकी मासामी यांचा जन्म १९५७ चा. १९८० मध्ये ‘आऊट’ या मासिकात विडंबनपर चित्रकथेने त्यांनी पदार्पण केले. हे मासिक सचेतन चित्रपटांच्या चाहत्यांत प्रिय होते. चाहत्यांचे हौशी जग युकी यांनी आतून पाहिलेले होते, ही गोष्ट पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

‘आर’ची कथा शुनपू नावाच्या कल्पित उच्च माध्यमिक शाळेत घडते. तेथे आर तानाका इचिरो नावाचा एक विद्यार्थी दाखल होतो. तो वस्तुतः यंत्रमानव आहे. जग जिंकण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या नारिहारा नामक एका शास्त्रज्ञाने त्यास घडविले आहे. ॲसिमॉव्हच्या कादंबऱ्यांत यंत्रमानवांच्या नावामागे ‘आर’ हे अक्षर येते, तीच पद्धत येथे आहे. परंतु उरलेले नाव पाहावे. तानाका हे अत्यंत प्रचलित आडनाव, आणि इचिरो म्हणजे ज्येष्ठ पुत्र. आवेदनपत्राच्या नमुन्यात भरून दाखवावे असे हे नाव आहे. हा अतिमानव शाळेचा काळा गणवेश घालतो, सायकलीवरून येतो, भातावर त्याचे अपार प्रेम आहे आणि भात शिजविण्याचे विजेचे भांडे तो जवळ बाळगतो. त्याचे डोके धडापासून सुटते. त्याची वृत्ती मात्र कधी ढळत नाही. राग, मत्सर, महत्त्वाकांक्षा त्याला ठाऊक नाहीत.

तो ज्या मंडळात ओढला जातो ते छायाचित्रण मंडळ. त्याचे नाव ‘कोगा-बु’ असे आहे. छायाचित्रास जपानीत सामान्यतः ‘शाशिन’ म्हणतात. ‘कोगा’, म्हणजे प्रकाशचित्र, हा जुन्या वळणाचा शब्द असून १९३२–३३ मध्ये याच नावाचे एक कलावादी छायाचित्रण-नियतकालिक निघत असे. मंडळाच्या या भारदस्त नावाखाली छायाचित्रणाचे काम फारसे होत नाही. तोसाका हा वरिष्ठ सभासद छायाचित्रणाचे नियम सेनापतीच्या थाटात गर्जून सांगतो, आणि त्या गर्जनेतच मंडळाचे कार्य बहुतांशी समाप्त होते. उरलेला वेळ शर्यती, शिबिरे, विद्यार्थिपरिषदेशी तंटे आणि निरर्थक पैजा यांत जातो.

भरताने हास्यरसाची उत्पत्ती विकृत वेष, विकृत वाणी व विकृत चेष्टा यांपासून सांगितली आहे. ‘आर’च्या बाबतीत हे लक्षण एका अंगाने लागू पडते, पण दुसऱ्या अंगाने त्यास मुरड घालावी लागते. येथे नायकाचा वेष विकृत नाही. तो नियमानुसार आहे, आणि नियमानुसार असण्यातच त्याची विकृती आहे. १९८५ हे वर्ष या संदर्भात आठवावे. त्या वर्षी नोव्हेंबरात कुमामोतो जिल्हा न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. मुलांनी केस अगदी बारीक कापलेच पाहिजेत, असा एका सार्वजनिक शाळेचा नियम होता. तो बेकायदा नाही, असे न्यायालयाने ठरविले. केसांची लांबी, मोज्यांचा रंग, दप्तराची जाडी येथपर्यंत पोहोचलेल्या शालेय नियमांवर त्या काळी देशभर वाद चालू होता, आणि १९८४ ते १९८७ या काळात काम करणारी शासनाची शिक्षण-सुधारणा परिषद ‘व्यक्तिवैशिष्ट्याचा आदर’ हे तत्त्व मांडीत होती. अशा वेळी युकी यांनी वाचकांपुढे एक आदर्श विद्यार्थी ठेवला. तो आज्ञाधारक आहे, गणवेश सोडीत नाही, कुरकुर करीत नाही, त्याचे नावही सर्वसामान्यतेचा अर्क आहे. नियमावलीस अभिप्रेत असलेला मुलगा प्रत्यक्षात आला तर तो कसा असेल, याचे हे उत्तर आहे. आणि तो यंत्र असून कोणत्याच कामाचा नाही, हे त्या उत्तरातील मर्म.

५

येथवरचे विवेचन वाचून एखाद्यास वाटेल की ही कथा शालेय शिस्तीविरुद्धचे बंड आहे. चाळीस वर्षांनंतर मागे वळून पाहताना असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आमच्या मते तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

कथेतील मंडळाचा आकार एकदा बारकाईने तपासावा. श्रेणी शाबूत आहे. तोसाकाचा शब्द अखेरचा असतो. शिबिरे होतात. खोली आहे आणि तिच्या हक्कासाठी झगडा आहे. नवीन सभासद मिळविण्याची धडपड आहे, कारण सभासद घटले तर मंडळ मोडते. प्रतिपक्ष आहे, डावपेच आहेत, निष्ठा आहे. क्रीडाकथेतील आकाराचे अंग जवळजवळ जसेच्या तसे येथे उतरले आहे. गळाले आहे ते फक्त ध्येयाचे अंग. येथे सामना नाही, चषक नाही, राष्ट्रीय स्पर्धा नाही. ज्या शिस्तीचा युक्तिवाद विजय हा होता, ती शिस्त युक्तिवादाशिवाय उभी आहे आणि आनंदाने उभी आहे.

यातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, मंडळाची शिस्त विजयासाठी असते हे क्रीडाकथेचे सांगणे पुरेसे खरे नव्हते. विजय काढून घेतला तरी मुले त्या खोलीत येतच राहतात. त्यांना हवी असते ती जागा, ते एकत्र असणे, आणि आपणांस कोणीतरी आपल्या विक्षिप्तपणासह गणतीत धरणे. दुसरी गोष्ट अशी की, विक्षिप्तपणास आसरा मिळतो तो शाळेच्या व्यवस्थेबाहेर नव्हे. तिच्या आत, तिनेच नेमून दिलेल्या एका खोलीत तो मिळतो. ज्या व्यवस्थेने केस मोजले तिनेच ही न मोजलेली संध्याकाळ दिली. शासनाने मंडळकार्य सक्तीचे केले तेव्हा अशा खोलीची कल्पना त्याच्या मनात असण्याचा संभव नाही. पण सक्तीमुळे मंडळे वाढली, आणि ज्यांना कोणतेही मैदान आपलेसे वाटत नव्हते अशा मुलांसाठीही कुठलेतरी मंडळ असणे क्रमप्राप्त झाले.

वरिष्ठाच्या अधिकाराचे रूपही येथे पालटलेले दिसते. तोसाका आज्ञा देतो, परंतु त्या आज्ञेचा हेतू इतका क्षुल्लक असतो की ती पाळणे हा खेळ होतो. सत्तेचा आवाज तोच; तिचा धाक मात्र नाहीसा झाला आहे. म्हणून ही कथा ना सत्तेची स्तुती आहे ना तिची निर्भर्त्सना. वाचकास परिचित असलेला आवाज निरुपद्रवी करून तिने परत दिला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ही कथा शाळेविषयी नसून चाहत्यांच्या वर्तुळांविषयी आहे, शाळेचा पडदा केवळ निमित्तमात्र आहे, असे कोणी म्हणेल. युकी यांचा पूर्वेतिहास पाहता या आक्षेपात तथ्य आहे. विज्ञानकथा, चित्रपट व चित्रकथा यांच्या वेडात बुडालेल्या तरुणांस उद्देशून ‘ओताकु’ हा शब्द १९८३ मध्ये नाकामोरी आकिओ यांच्या लेखांतून प्रथम प्रचारात आला, आणि तो उपहासाने आला. ‘आर’मधील संदर्भांची रेलचेल त्याच वर्गाची आहे; नायकाच्या सायकलीस ‘गोतेनगो’ हे १९६३ च्या एका चित्रपटातील युद्धनौकेचे नाव आहे, इतके सांगितले म्हणजे पुरे. परंतु या आक्षेपाने आमचे प्रतिपादन दुर्बळ होत नाही. बाहेर ज्या तरुणांची टवाळी होत होती त्यांच्यासाठी चित्रकाराने जे घर कल्पिले, ते उपाहारगृह किंवा पुस्तकांचे दुकान नव्हते. ते शाळेतील मंडळ होते. सेनपाई, शिबिर, ओबी ही चौकटच त्यास घरासारखी वाटली, हे ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे.

६

काळ ही या विनोदाची दुसरी कसोटी. १९८४ च्या फेब्रुवारीत ‘उरुसेइ यात्सुरा’वर आधारलेला दिग्दर्शक ओशी मामोरु यांचा दुसरा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात शालेय उत्सवाच्या आदला दिवस पुनःपुन्हा उगवतो. उत्सव येतच नाही. तयारीचा आनंद संपू नये या इच्छेचे ते भयप्रद चित्र आहे. ‘आर’ने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. येथे वर्षे सरतात, परीक्षा होतात, मुले शाळा सोडतात. पण शाळा सोडलेला तोसाका ओबी होऊन मंडळात परत येतो आणि पूर्वीइतक्याच हक्काने गर्जत राहतो. काळ थांबविण्याऐवजी लेखकाने संस्थेतील एक जुनी रूढी वापरली. इचिकोच्या काळापासून माजी विद्यार्थ्याचा जो दरारा मंडळावर असे, त्याच दराऱ्याचे येथे स्नेहात रूपांतर झाले.

१९८७ मध्ये कथा संपली. तिचे ९ खंड झाले. १९८८ मध्ये तिला विज्ञानकथेसाठी दिला जाणारा ‘सेइउन’ पुरस्कार चित्रकथा-विभागात मिळाला. जपानच्या विज्ञानकथा-संमेलनातील सहभागी वाचकांच्या मतांनी तो ठरतो, म्हणजे तो विद्वानांचा कौल नसून हौशी वाचकांचा आहे. १९९१ मध्ये तिच्यावर एक सचेतन चित्रफीत निघाली. तीत मंडळाचे सभासद आयची प्रांतातील तोयोहाशी व नागानो प्रांतातील तात्सुनो यांना जोडणाऱ्या ईदा रेल्वेमार्गावर, स्थानकास्थानकांचे शिक्के गोळा करीत हिंडतात. २०१२ पासून या चित्रफितीचे चाहते तागिरी या लहानशा स्थानकावर जमून तेथून इनाशी स्थानकापर्यंत सायकलीने जाऊ लागले, आणि २०१८ मध्ये तागिरी येथे एक स्मारकशिलाही उभी राहिली. त्याच वर्षी युकी यांनी कथेचा १० वा खंड प्रसिद्ध केला. शाळा सोडून तीस वर्षे झालेले वाचक एका कल्पित मंडळाच्या वाटेने सायकल हाकीत जातात, तेव्हा ते जणू त्या मंडळाचे ओबी झालेले असतात.

या कथेने घालून दिलेला साचा पुढे पुष्कळांस उपयोगी पडला. २००२ मध्ये सुरू झालेल्या किओ शिमोकु यांच्या ‘गेनशिकेन’ने तो विद्यापीठात नेला. तानिगावा नागारु यांच्या २००३ च्या ‘सुझुमिया हारुही’ कादंबरीतील नायिका आपणांस योग्य मंडळ सापडत नाही म्हणून नवेच मंडळ काढते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘के-ऑन’मध्ये संगीत-मंडळाच्या मुलींचा बराच वेळ चहा व केक यांत जातो. यांपैकी प्रत्येक कृती ‘आर’ची थेट वारस आहे असे आम्ही म्हणत नाही. ध्येय सैल करून खोली घट्ट धरावयाची, हा घाट मात्र त्या सर्वांत आढळतो.

७

साधन म्हणून या कथेच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. मंडळातील श्रेणीची क्रूर बाजू तीत दिसत नाही. त्या बाजूचा पुरावा अन्यत्र आहे आणि तो दुःखद आहे. २०१२ च्या डिसेंबरात ओसाका येथील एका शाळेतील बास्केटबॉल मंडळाच्या कर्णधार मुलाने प्रशिक्षक-शिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, आणि मंडळातील शारीरिक शिक्षेचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. ज्या आकारास ‘आर’ने निरुपद्रवी केले, तो आकार प्रत्यक्षात सर्वत्र निरुपद्रवी नव्हता. विनोदाने जे सुसह्य केले ते वास्तवात सुसह्य होते असे समजणे, हा इतिहासकाराचा दोष ठरेल. उलट असेही म्हणता येईल की, ज्याची धार वाचकास ठाऊक असते त्याचीच धार काढून घेतली असता तो हसतो. विनोदी साधन वाचण्याची ही एक रीत आहे : ते काय दाखविते याबरोबरच, ते कशाची धार काढून घेते हेही पाहावे.

हा विषय केवळ पुरातन वस्तूंच्या आवडीने आम्ही हाती घेतलेला नाही. मंडळ ही संस्था आता नव्या स्थित्यंतरातून जात आहे. सक्तीचा तास १९८९ च्या निर्देशाने शिथिल झाला आणि उच्च माध्यमिक शाळांतून २००३ पासून तो गेला. संध्याकाळचे मंडळ मात्र राहिले, आणि त्याचा भार शिक्षकांवर पडला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधील कनिष्ठ माध्यमिक शिक्षकाचा कामाचा आठवडा ५६ तासांचा आढळला. त्यांतील ७.५ तास अभ्यासक्रमेतर कार्यात जात होते. सहभागी देशांची याबाबतची सरासरी १.९ तास होती. या भाराचा विचार करून, आणि मुलांची संख्या घटत चालल्यामुळेही, शासनाने २०२३ ते २०२५ हा काळ सार्वजनिक कनिष्ठ माध्यमिक शाळांतील सुट्टीच्या दिवसांचे मंडळकार्य स्थानिक संस्थांकडे सोपविण्याच्या प्रयत्नांसाठी राखला. शिक्षकांच्या दृष्टीने ही सुधारणा न्याय्य आहे, यात शंका नाही.

तथापि या सुधारणेचा हिशेब मांडताना कशाची गणना होते आणि कशाची होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. पोहण्याचे मंडळ नगरातील तरणतलावाकडे सोपविता येईल, वाद्यवृंदास एखादा संगीतशिक्षक मिळेल. ज्यास ध्येय आहे, ज्याचे कौशल्य मोजता येते, त्याचे स्थलांतर शक्य आहे. ज्या मंडळास ध्येयच नाही, ज्याचे सारे भांडवल म्हणजे एक खोली, काही वरिष्ठ आणि रिकामी संध्याकाळ, ते कोणाकडे सोपवावयाचे? कोणत्या अर्जात त्याचा उद्देश लिहावयाचा? शासकीय कागदपत्रांत अशा मंडळाची नोंद पूर्वीही छायाचित्रण मंडळ, साहित्य मंडळ अशा सभ्य नावांखालीच होत असे. त्या नावांखाली काय चालत होते ते कागदांनी कधी टिपले नाही. उद्या ती खोली बंद झाली तर ती बंद झाल्याचीही नोंद कागदांत होणार नाही.

शिक्षणाचा इतिहास हा उद्दिष्टांचा इतिहास म्हणून लिहिण्याची आपली सवय जुनी आहे. ठरावांतील उद्दिष्टे आणि त्यांची फलनिष्पत्ती यांमधील अंतर मोजले की काम झाले, असे आपण मानतो. ‘आर’सारखी कृती या सवयीस एक दुरुस्ती सुचविते. संस्थेचा काही भाग कोणत्याही उद्दिष्टाविना चालत असतो, आणि तेथे येणाऱ्या मुलांना तोच कित्येकदा सर्वांत अधिक प्रिय असतो. जपानच्या शाळांतील त्या खोल्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास निर्देशपत्रिका व पटसंख्या तर पाहाव्याच लागतील. पण त्यांच्या शेजारी, मुलांच्या साप्ताहिकाच्या स्वस्त कागदावर छापलेली, भाताचे भांडे घेऊन फिरणाऱ्या एका यंत्रमानवाची गोष्टही त्याला ठेवावी लागेल, आणि ती हसून बाजूस न सारता इतर साधनांइतक्याच चिकित्सेने वाचावी लागेल.